मंडळाचा कार्यक्रम मुलांपर्यंत पोचवायचा कसा: तारखेपासून हजेरीच्या वहीपर्यंत

सभागृहात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर बसले होते तेवीस जण. त्यातले अकरा मंडळाचेच. पाहुण्या कवयित्री दोन तास एसटीने प्रवास करून आल्या होत्या. त्यांनी सगळ्या कविता मनापासून वाचल्या, पण परत जाताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर मला झाला नाही. पोस्टर सुंदर होतं, व्हॉट्सॲपवर आठवडाभर फिरतही होतं. पण त्याच दुपारी तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. त्यांची नोटीस पंधरा दिवस फलकावर लावलेली होती आणि आमच्यापैकी कुणीही ती वाचली नव्हती.

तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळाच्या नव्या मुलांना मी कामाचा क्रम लिहून देते. तरी दर वर्षी कुणीतरी येऊन म्हणतंच, "मॅडम, पोस्टर झालंय, आता तारीख कोणती टाकू?" मुलं मेहनतीत कमी पडत नाहीत. चुकतो तो क्रम. म्हणून तोच इथे सविस्तर देते आहे. उदाहरण मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाचं आहे, पण विज्ञान मंडळ, नाट्य मंडळ, निसर्ग मंडळ, कुणालाही हाच क्रम लागू पडेल. हातात किमान तीन आठवडे हवेत.

## १. तारीख आणि वेळ (२१ दिवस आधी)

चार कागद समोर घ्या: कॉलेजची शैक्षणिक दिनदर्शिका, परीक्षा विभागाच्या ताज्या नोटिसा, प्रॅक्टिकलच्या बॅचचं वेळापत्रक आणि इतर मंडळांचे ठरलेले कार्यक्रम. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर, क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलनाच्या तालमी हेही पाहा. तुमची हक्काची मुलं नेमकी तिथे अडकलेली असतात.

आता २७ फेब्रुवारीच घ्या. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, त्यामुळे तारीख सोडवत नाही. पण ज्या कॉलेजला जोडून ज्युनिअर कॉलेज आहे, तिथे फेब्रुवारीत बारावीच्या बोर्डाचं केंद्र असतं. सभागृहात बाकं मांडलेली असतात, पेपरच्या वेळात माईक लावता येत नाही, अर्धे प्राध्यापक आणि शिपाई पर्यवेक्षणाच्या कामात असतात. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानंही पेपरच्या वेळात बंद ठेवायला लावतात, म्हणजे आयत्या वेळी छापायचं म्हटलं तरी सोय नाही. त्यात २०२७ साली २७ फेब्रुवारी शनिवारी येतो. ज्या कॉलेजात शनिवारी अर्धा दिवस असतो, तिथली मुलं अकरालाच स्टँडवर दिसतील.

यावर दोन वाटा आहेत. एक, कार्यक्रम त्याच दिवशी पण सकाळी पेपरच्या आधी, दुसऱ्या इमारतीतल्या एखाद्या वर्गात, माईकशिवाय करायचा. दोन, १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात करायचा. मी दुसरी वाट सुचवते. तेव्हा सभागृह मिळतं आणि मुलंही निवांत असतात. २७ तारखेला फलकावर चांगली कविता लिहा, ग्रंथालयात पुस्तकं मांडा, तेवढं पुरे.

वेळेचंही तसंच. आमच्याकडची निम्मी मुलं आसपासच्या गावांतून एसटीने येतात. साडेतीनची गाडी चुकली की पुढची साडेपाचला. चार वाजता ठेवलेल्या कार्यक्रमाला, विशेषतः मुली, इच्छा असूनही थांबत नाहीत. आणि मग आपण म्हणतो, "हल्लीच्या मुलांना आवडच नाही." आवड असते, गाडी नसते. कला आणि वाणिज्यची लेक्चर्स संपतात आणि विज्ञानची प्रॅक्टिकल सुरू व्हायची असतात, तो मधला तास शोधा. बहुतेक कॉलेजांत तो अकरा ते एकच्या दरम्यान कुठेतरी असतो.

तपासा: तीन वेगवेगळ्या शाखांच्या तीन मुलांना विचारा, "बुधवारी साडेअकराला तू कुठे असतोस?" "येशील का?" असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात.

## २. जागा, परवानगी, पाहुणे

प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा. त्यात कार्यक्रमाचं नाव, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागा, माईक-प्रोजेक्टर हवा का, अंदाजे किती मुलं येतील आणि खर्च किती, एवढं हवं. मंडळाच्या प्रभारी प्राध्यापकांची सही घेऊन तो ऑफिसात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या. सभागृहाच्या वहीत नोंद वेगळी करावी लागते. अर्ज मंजूर झाला म्हणजे सभागृह मिळालं असं धरून चालू नका. त्याच वेळेला एखाद्या कंपनीचा कॅम्पस इंटरव्ह्यू लागलेला मी पाहिला आहे.

सभागृह उघडणाऱ्या मामांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. किल्ली त्यांच्याकडे असते आणि कोणता माईक खरखरतो हेही त्यांनाच माहीत असतं.

पाहुण्यांना फोन केल्यानंतर पत्र द्या. पत्रात त्यांनी किती मिनिटं बोलायचं आहे ते लिहा. प्रवासखर्चाचं स्पष्ट बोला.

सावधान: सही झालेला कागद हातात येईपर्यंत कुठल्याही ग्रुपवर तारीख टाकायची नाही. एकदा फिरलेली तारीख मागे घेता येत नाही. बदललेल्या तारखेचा मेसेज निम्म्यांपर्यंतच पोचतो. फाटकाबाहेर फ्लेक्स लावायचा असेल तर नगरपालिकेची किंवा महापालिकेची परवानगी लागते. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याबद्दल महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला खरं तर बाहेरच्या फ्लेक्सची गरजच नसते.

## ३. एक वाक्य

पोस्टर करण्याआधी एक वाक्य लिहायचं. ज्या मुलाला आपलं मंडळ कुठे बसतं हेही माहीत नाही, त्याला कॅन्टीनच्या रांगेत सांगता येईल असं.

आमचं जुनं वाक्य होतं: "मराठी भाषा गौरव दिनानिमित्त काव्यवाचनाचा भव्य कार्यक्रम आयोजित करण्यात येत आहे." यात त्या मुलासाठी काय आहे? काहीच नाही. पुढच्या वर्षी मुलांनी ते असं केलं: "तुमच्या गावच्या बोलीतली एक म्हण, ओवी किंवा कविता घेऊन या. माईक तुमचा, वेळ तीन मिनिटं." कार्यक्रम जवळपास तोच होता. पण आता ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळत होतं, आणि आपल्याकडे न्यायला काहीतरी आहे असंही वाटत होतं.

वाक्याखाली पाच गोष्टी लिहा: वार आणि तारीख, वेळ, जागा, किती वाजता संपेल, आणि कुणाला येता येईल. "किती वाजता संपेल" हे नव्वद टक्के मंडळं लिहीतच नाहीत असं मला दिसतं, आणि ज्याला बस पकडायची आहे त्याला तेच आधी हवं असतं. "प्रवेश मोफत, सर्व शाखांसाठी" हे लिहायला लाजू नका. विज्ञानच्या मुलांना वाङ्मय मंडळ फक्त कला शाखेचं वाटतं.

सावधान: नेहमीची चूक, "मराठी राजभाषा दिन, २७ फेब्रुवारी". राजभाषा दिन १ मे रोजी असतो. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. मंडळच मराठीचं असेल तर ही चूक फारच बोचते. आणि प्रमाणपत्र देणार असाल तरच "प्रमाणपत्र" हा शब्द छापा.

## ४. पोस्टर

वाक्य पक्कं झालं की पोस्टरला एक संध्याकाळ पुरते.

मोठ्या अक्षरात ते एक वाक्य. त्याखाली वार, तारीख, वेळ, जागा. प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, समन्वयक यांच्या नावांनी अर्धं पोस्टर भरतं. ती नावं निमंत्रणपत्रिकेत घाला. हे प्रभारी प्राध्यापकांनी वर सांगायचं असतं, मुलांवर टाकू नये. मी सांगितलं तेव्हा आमचे प्राचार्य लगेच हो म्हणाले.

मराठी अक्षरं तुटण्याचा त्रास दर वर्षीचा. फोटोशॉपमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की "विद्यार्थी"चे तुकडे पडतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात साऊथ एशियन मजकुराचा पर्याय निवडला की हे थांबतं. कॅनव्हात करणार असाल तर मुक्ता किंवा बालू यांसारखा देवनागरीसाठीच केलेला फॉन्ट घ्या. इंग्रजी फॉन्ट ठेवून मराठी लिहिलं की वळण बिघडतं.

छपाईसाठी ए३ आकाराच्या दहा प्रती पुरतात. रंगीत परवडत नसेल तर डिझाइनच काळ्या-पांढऱ्यात करा. रंगीत पोस्टरची झेरॉक्स काढली की लाल पट्टीवरची पिवळी अक्षरं नाहीशी होतात, आणि बहुतेक वेळा नेमकी त्यातच तारीख असते.

आता ती लावायची कुठे. मुख्य नोटीस बोर्ड काचेआड असतो आणि तिथे परीक्षेच्या काळातच गर्दी होते. मुलं जिथे नाइलाजाने उभी राहतात, तिथे लावा: पाणी पिण्याच्या जागी, ग्रंथालयात पुस्तक परत करण्याच्या खिडकीजवळ, जिन्याच्या वळणावर, मुलींच्या कॉमन रूममध्ये, सायकल-गाड्यांच्या स्टँडवर, एसटीच्या पाससाठी सही घ्यायला रांग लागते त्या खिडकीशी. नव्याने रंगवलेल्या भिंतीवर फेविकॉल लावू नका. पुढच्या वर्षी परवानगी मागायला जाल तेव्हा आधी त्या भिंतीचा विषय निघेल.

तपासा: एक प्रत भिंतीवर लावा, दहा पावलं मागे जा. वाचता येतं का? मंडळाबाहेरच्या एकाला मोठ्याने वाचायला लावा. वार आणि तारीख कॅलेंडरशी जुळवा. क्यूआर कोड छापला असेल तर छापील कागदावरून तीन वेगवेगळ्या फोनने उघडून पाहा, त्यातला एक जुना असू दे. फुकट संकेतस्थळांवरचे काही क्यूआर कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडतात, तेव्हा फॉर्मची लिंकच थेट कोडमध्ये जाईल असा साधा कोड घ्या.

## ५. वर्गावर जाणं (७ ते ३ दिवस आधी)

सगळ्यात जास्त मुलं इथून येतात, आणि सगळ्यात कमी तयारी याचीच केलेली असते.

नेहमी काय होतं ते सांगते. मंडळाची सहा मुलं एकदम वर्गात शिरतात. सर शिकवत असतात, त्यांचा धागा तुटतो. एक जण कागद वाचतो, बाकीचे फळ्यापाशी हसत उभे राहतात. मागच्या बाकांवर काहीच ऐकू जात नाही. "तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे" म्हणून सगळे बाहेर. वर्गात पुन्हा शांतता होईपर्यंत त्यांनी काय सांगितलं ते विसरलेलं असतं.

याऐवजी असं करा.

आदल्या दिवशी त्या तासाच्या प्राध्यापकांना स्टाफरूममध्ये भेटून शेवटची दोन मिनिटं मागून घ्या. सुरुवातीची मागू नका, तेव्हा निम्मा वर्ग यायचा असतो. दोघांनीच जा, आणि त्यातला एक त्याच वर्गातला किंवा त्याच शाखेचा हवा. बीएस्सीच्या वर्गात बीएस्सीचाच मुलगा बोलला की ऐकलं जातं. एक जण बोलेल तेवढ्यात दुसऱ्याने फळ्याच्या कोपऱ्यात वार, वेळ, जागा लिहायची आणि पुसू नका अशी विनंती करायची. पुढच्या तासापर्यंत तरी ती राहते.

बोलायचं चाळीस सेकंद. कागद हातात नको. आमच्या मुलांनी पाठ केलेलं साधारण असं असतं:

"मी दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्रीला आहे. बुधवारी साडेअकरा ते साडेबारा, सेमिनार हॉलमध्ये, आपापल्या गावच्या बोलीतलं काहीही तीन मिनिटं म्हणायचं आहे. मी माझ्या आजोबांची एक म्हण सांगणार आहे. नुसतं ऐकायलाही या. साडेबाराला नक्की संपेल, प्रॅक्टिकल चुकणार नाही. कुणाला काही म्हणायचं असेल तर मी बाहेर दारापाशी दोन मिनिटं थांबतोय."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात हात वर करायला मुलं बुजतात, विशेषतः पहिल्या वर्षाची. दारापाशी मात्र येतात. एका वर्षी मी जिन्याजवळून पाहत होते. वर्ग रिकामा झाला आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, त्या चालतील का?" आमची सचिव म्हणाली, "चालतील काय, तूच पहिली." आणि तिथेच वहीत तिचं नाव लिहिलं. बुधवारी ती आली तेव्हा तिच्याबरोबर गावातल्या चार मैत्रिणी होत्या. त्या चौघींपैकी एकीनेही आमचं पोस्टर पाहिलेलं नव्हतं.

सावधान: एकाच वर्गावर दोनदा जाऊ नका. सूचनावही शिपायांबरोबर वर्गावर फिरवणं हे वेगळं काम आहे. ते करा, पण ते झालं म्हणजे वर्ग झाला असं समजू नका.

तपासा: सगळ्या वर्गांची यादी करा, समोर तारीख आणि कोण गेलं ते लिहा. पहिल्या वर्षाचे वर्ग आधी घ्या. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या सवयी ठरून गेलेल्या असतात.

## ६. फोनवरचं काम

मेसेज तीनच: सात दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी. ते वर्ग प्रतिनिधींनी आपापल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकावेत, अनोळखी नंबरवरून आलेलं कुणी वाचत नाही. माहिती मजकुरातच लिहा. नुसती पीडीएफ पाठवली की डेटा वाचवणारी मुलं ती उघडतच नाहीत. पहिले दोन संध्याकाळी आठनंतर पाठवा, तेव्हा गावाकडची मुलं घरी पोचलेली असतात.

गूगल फॉर्म ठेवलात तर प्रश्न चारच: नाव, वर्ग, काही सादर करणार का, असल्यास काय. "एकदाच उत्तर" हा पर्याय चालू केला किंवा फाईल मागितली की फॉर्म आधी गूगल खात्यात लॉगिन करायला सांगतो आणि बरीच मुलं तिथेच सोडून देतात. मोबाइल नंबर गरज नसेल तर मागू नका. मागितलात तर ती यादी ग्रुपवर कधीही टाकायची नाही. मुलींचे नंबर असे उघडे पडले की त्यांना काय सोसावं लागतं ते मी पाहिलं आहे.

इन्स्टाग्रामवर स्टोरी चोवीस तासच राहते, म्हणून ती आदल्या दिवशी दुपारी टाका. आकार १०८० बाय १९२०. पोस्टरच उभं ताणून टाकू नका. तालमीतला पंधरा सेकंदांचा तुकडा, ज्यात आपल्याच वर्गातला चेहरा दिसतो, तो जास्त पुढे जातो. चेहरा दाखवायचा तर आधी त्या मुलाला विचारायचं.

## ७. शेवटचे दोन दिवस

सादर करणाऱ्या प्रत्येकाला फोन करा, मेसेज नको. पाहुण्यांना आदल्या संध्याकाळी फोन करा आणि त्यांना उतरवून घ्यायला स्टँडवर कोण जाणार ते नावानिशी ठरवा.

खुर्च्या नोंदलेल्या नावांपेक्षा थोड्या कमीच मांडा, बाकीच्या मागे रचून ठेवा. साठ खुर्च्या भरून वर दहा मुलं उभी असली की सभागृह जिवंत वाटतं. तीच सत्तर मुलं दीडशे खुर्च्यांत विखुरली की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो.

त्या दिवशी सुरू होण्याच्या वीस मिनिटं आधी चौघांनी कॅन्टीन, कट्टा, ग्रंथालय आणि स्टँड असं वाटून घेऊन फिरायचं आणि तोंडाने सांगायचं: "चला, सुरू होतंय, मी तिकडेच निघालोय." बरोबर घेऊनच यायचं.

## ८. दारात आणि आत

दारात एक वही. रकाने चार: नाव, वर्ग, सही, आणि "कुठून कळलं". चौथा रकाना सोडू नका, त्याचा उपयोग पुढे सांगते. वहीपाशी रांग लागली तर दुसरी वही सुरू करा, मुलांना अडवून ठेवू नका.

ठरल्या वेळेला सुरू करा, भले पंधराच जण असोत. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ हे सगळं मिळून दहा मिनिटांत आटपा. पहिलं सादरीकरण लवकर आलं की उशिरा येणारा दारात थबकून ऐकतो आणि आत येतो. लांबलचक परिचय चालू असेल तर तो पाठमोरा होतो.

संपण्याआधी, मुलं बसलेली असतानाच, मंडळाच्या पुढच्या छोट्या बैठकीचा वार आणि जागा सांगा. आठवड्याच्या आत, एखाद्या रिकाम्या वर्गात. मंडळाला नवे सभासद या घोषणेतून मिळतात. नंतर पाठवलेल्या मेसेजमधून ते क्वचितच मिळतात.

## ९. पुढचे तीन दिवस

सगळी पोस्टरं स्वतः काढा, चिकटपट्टीच्या खुणा पुसा. मामांचे आभार मानायला जा. अहवाल लगेच लिहा. आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, स्थळ-वेळेची नोंद असलेले फोटो लागतात, म्हणून निदान दोन फोटो जिओटॅग ॲपने काढलेले हवेत. ते कार्यक्रमाच्या दिवशीच सुचावं लागतं, नंतर मिळत नाहीत.

मग वही उघडा आणि चौथा रकाना मोजा. आमच्या वहीत "मैत्रिणीने सांगितलं", "वर्गात आले होते" हीच उत्तरं पानभर असतात, पोस्टर अधूनमधून येतं. तुमच्याकडे वेगळं निघेल. जे निघेल त्यावर पुढच्या वेळी दोन माणसं जास्त लावा, आणि जिथून कुणीच आलं नाही ते काम कमी करा.

शेवटचं काम परीक्षेच्या आधीच उरका. हजेरीची वही, वर्गांची यादी, पोस्टरची मूळ फाईल आणि मंजूर अर्जाची प्रत पुढच्या सचिवाकडे द्या. मंडळाचं इन्स्टाग्राम खातं एखाद्या मुलाच्या खासगी नंबरवर आणि मेलवर काढलेलं असतं. तो मुलगा पास होऊन पुण्या-मुंबईला गेला, नंबर बदलला, की ते खातं कुणालाच उघडत नाही आणि चार वर्षांचे फोटो तिथेच अडकतात. मंडळाच्या नावाने वेगळा मेल काढा, खातं त्याला जोडा आणि पासवर्ड प्रभारी प्राध्यापकांच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवा.